हरभऱ्याच्या मर रोगावर काय निवडाल: ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास, बॅसिलस की रासायनिक बुरशीनाशक?

पेरणीला महिनाही होत नाही तोच तासातलं एखादं झाड मान टाकतं. उपटून मूळ उभं चिरलं की आत काळपट-तपकिरी रेघ दिसते. हाच मर. विदर्भात ‘हरभरा उबळला’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. हा फ्युजारियम बुरशीचा रोग आहे आणि हरभरा न पेरताही ती जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते. झाड सुकल्यावर कशाचीही आळवणी केली (बुडाशी औषधाचं पाणी ओतलं) तरी ते झाड वाचत नाही. त्यामुळे काय वापरायचं ते पेरणीआधीच ठरवावं लागतं.

कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं, सोपी, स्वस्त आणि रोपाच्या पहिल्या दिवसांत उपयोगी आहे. पण मुळं वाढून खाली जातात आणि औषध वरच राहतं. फुलोऱ्यात किंवा घाटे भरताना येणारी मर त्या खालच्या, औषध न पोचलेल्या मुळांतूनच येते.

ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे. ती रोगकारक बुरशीच्या धाग्यांना वेढे घालते, विकरांनी (एन्झाइम्सनी) त्यांची भिंत विरघळवते आणि आतला ऐवज खाते. तिचा खरा फायदा असा की ती जमिनीत वाढते. मात्र त्यासाठी तिला खाद्य आणि ओल लागते. किलोभर बियाण्याला ४ ते ५ ग्रॅम चोळणं ही सुरुवात झाली. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, मग वाफशावर (जमीन ना चिखल ना कोरडी असताना) शेतात टाकली तर ती टिकते. सेंद्रिय कर्ब नसलेल्या कोरड्या, तापलेल्या रानात नुसती भुकटी फेकून ‘जैविकाचा काही उपयोग नाही’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळाच्या पृष्ठभागावर वस्ती करतो आणि तिथलं लोह बांधून ठेवतो, म्हणजे बुरशीला ते मिळत नाही. शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह आधीच कमी उपलब्ध असतं. तिथे ही लढत त्याच्या बाजूने झुकते, तर ट्रायकोडर्माला किंचित आम्ल जमीन जास्त मानवते. मात्र स्युडोमोनास बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणारी सुप्त रूपं, तयार करत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या पाकिटात लवकर मरतो.

बॅसिलस सबटिलिसचं बलस्थान नेमकं तेच आहे. त्याचे बीजाणू उष्णता आणि कोरडेपणा सोसतात, त्यामुळे साठवणीची सोय नसेल तर तो जास्त भरवशाचा. द्राक्षावरच्या भुरीसारख्या पानांवरच्या रोगातही तो वापरतात. हरभऱ्याच्या जमिनीतल्या मरेसाठी मात्र मी त्याला एकट्याला पुढे करणार नाही.

माझं मत सांगतो. शेणखत हाताशी असेल आणि पेरणीला ओल असेल तर ट्रायकोडर्मा घ्या. चुनखडीचं रान असेल आणि ठिबक किंवा तुषारची सोय असेल तर जोडीला स्युडोमोनास घ्या. दोन्हींच्या आधी वाण बघा: विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ हे मर प्रतिकारक आहेत. संवेदनशील वाण पेरून सगळा भार या जैविकांवर टाकू नका. ज्या रानात मागच्या हंगामात मर जोरात होती, तिथे हरभऱ्यावर हरभरा घेऊच नका.

सगळ्यात जास्त नुकसान मिश्रणात होतं. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारतं, तेव्हा एकाच बियाण्याला दोन्ही चोळले तर दोन्हींचे पैसे मोजून फायदा एकाचाच. स्युडोमोनास आणि बॅसिलस जिवाणू असल्यामुळे त्यांना कार्बेन्डाझिमची फारशी भीती नाही, पण स्ट्रेप्टोमायसिन आणि ताम्रयुक्त औषधं घातक. रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारं जिवाणू खत) लावायचं असेल तर ते ट्रायकोडर्मानंतर लावा, बी सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

कृषी सेवा केंद्रात पाकीट हातात घेतलं की आधी उत्पादनाची आणि अंतिम तारीख वाचा. ट्रायकोडर्माच्या भुकटीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत घटक असल्याचं छापलेलं हवं. आणि ते पाकीट पत्र्याखाली तापत पडलं होतं की आत सावलीत होतं, हे विचारायला संकोच करू नका.