सॉल्व्हचं बटण, वर्षभर वापरल्यावर

मोड बदलला की टाइप केलेलं समीकरण पुसलं जातं. एवढं एक सुधारलं असतं तर या सायंटिफिक कॅल्क्युलेटरबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मॅनिंगचं सूत्र (कालव्यातला प्रवाह काढायचं) कंस-घातांकांसकट टाइप करायचं, मध्येच त्रिघात समीकरणासाठी इक्वेशन मोडमध्ये जाऊन यायचं, की पाटी कोरी! हजारावर रुपये मोजल्यावर एक सूत्र सांभाळण्याची सोय मिळू नये, हे मला अजून पटत नाही.

खरं तर घेतला होता तो इक्वेशन मोडसाठीच. सहगुणक भरले की उत्तर हजर. शिफ्ट आणि कॅल्क दाबून येणाऱ्या सॉल्व्हला (टाइप केलेल्या समीकरणातली अज्ञात किंमत शोधून देणारी सोय) पहिले काही महिने हातही लावला नव्हता. आता मात्र नव्वद टक्के काम त्यावरच चालतं.

कारण कालव्यातली पाण्याची खोली मॅनिंगच्या सूत्रातून सरळ सुटी करता येत नाही; क्षेत्रफळातही तीच, वेटेड पेरिमीटरमध्येही (पाण्याने भिजलेल्या तळ आणि बाजूंच्या लांबीत) तीच. समजा ३ मीटर रुंदीचा आयताकृती काँक्रीटचा कालवा आहे, खडबडीतपणाचा गुणांक एन ०.०१३, उतार हजारास एक, विसर्ग सेकंदाला ५ घनमीटर. कॉलेजात यासाठी तक्ता आखून ट्रायल अँड एरर करत बसायचो. इथे खोलीच्या जागी एक्स घातला, अंदाज १ दिला, की थोड्याच वेळात ०.९७ मीटर. खाली डाव्या-उजव्या बाजूंतला फरक दिसतो, तो शून्य आहे ना हे बघितल्याशिवाय मी आकडा वहीत उतरवत नाही. लॅपटॉपवर एक्सेलमधलं गोल सीक (अशीच उत्तर शोधून देणारी सोय) आहेच, पण साईटवर उन्हात लॅपटॉप कोण उघडणार?

अंदाज मात्र विचार करून द्यावा लागतो, कारण आत न्यूटनची पद्धत चालते आणि एका वेळी एकच उत्तर मिळतं. दर मीटर रुंदीला विसर्ग २ आणि विशिष्ट ऊर्जा (पाण्याची खोली अधिक वेगामुळे येणारी ऊर्जा, मीटरमध्ये) २ मीटर घेऊन बघा. अंदाज २ दिला तर खोली १.९४६ येते, ०.१ दिला तर ०.३५२. दोन्ही खरी आहेत, पहिली संथ प्रवाहाची, दुसरी वेगवान प्रवाहाची. क्रिटिकल डेप्थ (संथ आणि वेगवान प्रवाहाच्या सीमेवरची खोली) इथे ०.७४ आहे, तिच्या आसपासचा अंदाज देऊच नका. तिथे आलेखाचा उतार जवळजवळ शून्य असतो आणि पुढची उडी भलतीकडेच जाते. हेच समीकरण त्रिघात रूपात मांडलं तर इक्वेशन मोड तिन्ही मुळं एकदम देतो (तिसरं ऋण, ते सोडून द्यायचं), पण तिकडे गेलात की इकडचं सूत्र गेलंच.

म्हणून आता त्रिघाताची कामं आधी उरकतो. मग मॅनिंगचं सूत्र ए, बी, सी अशी अक्षरं घालून एकदाच टाइप करतो. सॉल्व्ह दर वेळी त्यांच्या किमती विचारतं, त्यामुळे सगळे सेक्शन एका बैठकीत होतात.

गेट या अभियांत्रिकीच्या परीक्षेसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा, तिथे पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर वापरावा लागतो. डिझाईनचं काम करणाऱ्याने मात्र खुशाल घ्यावा.