बेसाचे प्लॉट की शिडाच्या बोटी? दलाली करायचीच तर कुठली

नागपुरात समुद्राची गोष्ट काढली की लोक फुटाळा तलावाकडे बोट दाखवतात. माझा भाचा मात्र शाळेत नेव्हल एनसीसीत होता, अंबाझरी तलावावर शीड ओढायला शिकला, मग दोन वर्षं परदेशात चार्टरच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बोटींवर डेकहँड (साधा खलाशी) म्हणून राबला. आता परत आलाय आणि समोर दोन रस्ते आहेत. एक, माझ्यासोबत बेसा-बेलतरोडीकडचे प्लॉट विकायचे. दुसरा, बाहेरदेशी एका दलालाच्या ऑफिसात क्रूझिंग बोटी विकायच्या. क्रूझिंग म्हणजे शर्यतीच्या नव्हेत, राहायच्या बोटी: आत बंक, ओटा, संडास, डिझेल इंजिन आणि वर शीड. ताई म्हणाली, "समजाव रे त्याले." समजावायला बसलो आणि माझाच हिशेब डळमळला.

पैशाचं आधी. बोटीवर दलाली साधारण दहा टक्के, ती विकणारा देतो. हा आकडा ऐकूनच पोट्टा हरखलाय, कारण आपल्याकडे एक-दोन टक्के हातात पडले तरी देव पावला म्हणतात. पण वहीत मांडून बघा. 80 हजार डॉलरची बोट, दलाली 8 हजार. गिऱ्हाईक दुसऱ्या दलालाने आणलं, जे नेहमीचंच आहे, तर निम्मे त्याचे. उरलेल्या 4 हजारांत ऑफिसचा वाटा. समजा तोही निम्मा, तर हातात 2 हजार, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. इकडे 40 लाखांचा प्लॉट, दोन्ही पार्ट्यांकडून दोन-दोन टक्के मिळाले तर 1 लाख 60 हजार. झाली की नाही बरोबरी? फक्त इथे राहायला ताईचं घर आहे. तिकडे बऱ्याच ऑफिसांत पगार नसतोच, सौदा झाला तर कमाई. भाडं मात्र दर महिन्याला. सहा-आठ महिने पुरेल एवढी गंगाजळी नसेल तर तिकडचा विचारच नको.

खरा फरक मालात आहे. जमीन जिथल्या तिथे असते, बिघडतात ते कागद. म्हणून आमची अर्धी जिंदगी सातबारा, फेरफार, एनए (बिगरशेती परवानगी) आणि आरएल (प्लॉट मंजूर असल्याचं पत्र) यांत जाते. सुधार प्रन्यासचं आरएल नसलं की गिऱ्हाईक चहा पिऊन उठतं. बोटीलाही कागद लागतात: मालकी, नोंदणी, कर्जाचा बोजा, युरोपात व्हॅट भरल्याचा पुरावा. पण कागद चोख असले तरी बोट स्वतः रोज झिजत असते. म्हणून तिकडे सौदा ठरतो तोच सर्व्हे (जाणकाराची तपासणी) आणि सी ट्रायल (पाण्यात चालवून बघणं) यांच्या अटीवर. गिऱ्हाईक सहसा दहा टक्के रक्कम भरतं, ती वेगळ्या खात्यात राहते. मग बोट क्रेनने पाण्याबाहेर काढतात. सर्व्हेअर छोटी हातोडी घेऊन डेकभर टकटक करत फिरतो, कळमन्याच्या बाजारात टरबूज वाजवून घेतात तसा. आवाज बद्द आला की समजायचं, फायबरग्लासच्या दोन थरांमधलं लाकूड कुजलंय. खालच्या अंगावर पाण्याचे फोड आहेत का, बुडाखालच्या कण्याचे (कीलचे) बोल्ट गंजलेत का, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा किती जुन्या, सगळं लिहून देतो. तारा चकचकीत दिसल्या तरी दहा-बारा वर्षांच्या झाल्या की बऱ्याच विमा कंपन्या त्या बदलायला लावतात. सर्व्हे आणि क्रेनचा खर्च गिऱ्हाइकाचा, सर्व्हेअरही त्यानेच निवडायचा. दलालाने आपला माणूस पुढे करू नये. विचारलंच तर तीन नावं द्यावीत.

आणि अहवाल बघून गिऱ्हाईक नाही म्हणालं तर त्याचे पैसे परत. मालकासोबत भाव पुन्हा बसला तर ठीक, नाही तर महिनाभराची धावपळ पाण्यात. इथे मी अडखळलो. आमच्याकडे इसार दिला आणि मागे फिरला तर इसार बुडाला. त्या धाकावरच कितीतरी सौदे तडीस जातात. मीही एकाला असंच अडवून धरलं होतं. जगनाडे चौकात मी दिसलो की तो अजून रस्ता बदलतो.

विकणाराही वेगळा. प्लॉटवाला थांबला तर भाव वाढतो, म्हणून तो थांबतो. बोटवाला थांबला तर जागेचं भाडं, विमा आणि रंगकाम त्यालाच खातं. वर त्याने मागच्या वर्षी नवीन शिडं घातलेली असतात आणि तो खर्च भावात धरून बसतो. बाजार तेवढं देत नाही, हे त्याच्या तोंडावर, पण त्याचा मान राखून सांगायचं. बरेचदा तो बोट विकतो ते वय झालं म्हणून, नाही तर सोबत फिरणारं माणूस गेलं म्हणून. हे बोलणं ज्याला जमेल त्यानेच त्या धंद्यात जावं. भाच्याला जमेल असं मला वाटतं; माझ्याच्याने झालं नसतं.

परवान्याचं थोडक्यात. प्रकल्पातली घरं-प्लॉट विकणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते, 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. फ्लोरिडात बोटदलालाला सरकारी परवाना आणि बाँड लागतो, आणि ब्रोकर होण्याआधी सेल्सपर्सन म्हणून दोन वर्षं काढावी लागतात. ब्रिटनमध्ये परवान्याची सक्ती नाही. कामाचा व्हिसा कुठेही सोपा नाही.

"मग मुंबईतच करतो ना मामा!" हा त्याचा तिसरा डाव. नको. सप्टेंबर 2025 पासून हौशी नौकांवर 40 टक्के जीएसटी आहे, पावसाळ्यात हंगाम बंद, आणि राहत्या शिडाच्या बोटी इतक्या मोजक्या की घेणारा-विकणारा एकमेकांना आधीच ओळखतात. तिथे दलालाला कोण विचारतो?

मी त्याला एवढंच सांगितलंय: दहा टक्क्यांसाठी जात असशील तर बेसाच बरा. जायचंच असेल तर आधी गोव्यात नाही तर मुंबईत, पावसाळ्यासाठी वर ओढलेल्या बोटींवर महिनाभर काम धर. बुडातलं डिझेलमिश्रित पाणी उपस, बोल्ट घास, सर्व्हेअरच्या मागे मागे फिर. तोवर वर्धा रोडवरच्या ऑफिसातली तुझी खुर्ची कोणी नेत नाही. त्याने परवा सेवाग्राम एक्स्प्रेसचं मुंबईचं तिकीट काढलं. ताई अजून माझ्याशी बोलत नाही.