पदरमोडीचा हिशोब कुठे पाहायचा: एफईसीचं संकेतस्थळ

अमेरिकेत पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला कुणी धनाढ्य माणूस स्वतःचे पैसे घेऊन उतरला, की बातम्यांत एकच आकडा फिरू लागतो: याने इतके कोटी ओतले. ती रक्कम देणगी आहे की कर्ज आणि ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे, हे बातमीत क्वचितच असतं. निवडणुकीतल्या पैशावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल इलेक्शन कमिशनच्या, म्हणजे एफईसीच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट, खातं न उघडता पाहता येतं. या कामासाठी इतकी भरवशाची दुसरी जागा नाही. तिचा मोठा दोष उशीर हा आहे, आणि तो नेमका पैसेवाल्या उमेदवारांच्या पथ्यावर पडतो.

आधी वापरायचं कसं ते. उमेदवाराचं नाव शोधलं की एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी येऊ शकतात. अध्यक्षपदासाठीचा क्रमांक ‘पी’ अक्षराने सुरू होतो, सिनेटचा ‘एस’ने, प्रतिनिधीगृहाचा ‘एच’ने, समितीचा (म्हणजे मोहिमेचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेचा) ‘सी’ने. मिट रॉम्नी यांचं उदाहरण घ्या. त्यांनी २००८ च्या शर्यतीत ४ कोटी डॉलरहून अधिक स्वतःचे घातले, तर २०१२ मध्ये त्यांचा भर इतरांच्या देणग्यांवर होता. निवडणुकीचं वर्ष न बदलता पान वाचलं, तर या माणसाने पदरमोड केलीच नाही असं वाटेल. वर्षाचा रकाना सगळ्यात आधी तपासायचा.

मग सारांशावर न थांबता मूळ अहवाल उघडायचा. अध्यक्षपदाच्या समित्या ‘फॉर्म ३पी’ भरतात. त्यात तीन ओळी कामाच्या. १७(डी): उमेदवाराने स्वतः दिलेली देणगी. १९(ए): उमेदवाराने दिलेलं किंवा हमी घेतलेलं कर्ज. २७(ए): त्या कर्जाची परतफेड. ‘स्वतःच्या पैशावर लढतो’ या वाक्यात किती तथ्य आहे ते या तीन ओळींत कळतं. देणगी गेली ती गेली. कर्ज मात्र समर्थकांच्या देणग्यांतून परत घेता येतं. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये बाहेरच्या देणग्या नाकारल्या आणि १०० कोटी डॉलरहून अधिक स्वतःचे घातले. विवेक रामस्वामी यांनी २०२३ च्या पहिल्या सहामाहीत १.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली ती कर्ज म्हणून. एकाच मापाने हे दोन आकडे मोजू नयेत.

कर्जाच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ मध्ये सुरुवातीला बहुतेक पैसा कर्जरूपाने दिला आणि जूनमध्ये ते कर्ज, ४.५ कोटी डॉलरहून अधिक, माफ केलं. अशी माफी दिल्यावरही सारांशातली कर्जाची ओळ तशीच राहू शकते, कारण पैसा आला तेव्हा तो कर्ज म्हणूनच आला होता. त्यामुळे कर्जाचं पुढे काय झालं हे शेड्यूल सी (अहवालाची कर्जांची पुरवणी) आणि समितीने जोडलेलं पत्र यांत शोधावं लागतं. निवडणुकीनंतर जमवलेल्या देणग्यांतून अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कर्ज फेडायचं नाही, अशी मर्यादा पूर्वी होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२२ रोजी, सिनेटर टेड क्रूझ यांच्या समितीच्या खटल्यात, ती रद्द केली. त्यानंतरच्या अहवालांत १९(ए) मोठी आणि २७(ए) शून्य दिसली, तर ‘पैसे गेले’ असं लगेच समजू नये.

१६ व्या ओळीवरही नजर टाकावी. तिथे सरकारी निधी असतो. सर्वोच्च न्यायालयातल्या १९७६ च्या बकली खटल्यापासून उमेदवाराने स्वतःचे किती पैसे घालावेत यावर बंधन नाही. मात्र सरकारी निधी घेणाऱ्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला स्वतःचे ५०,००० डॉलरच घालता येतात. स्टीव्ह फोर्ब्स यांनी १९९६ मध्ये हा निधी नाकारला तो याचसाठी. त्यामुळे राज्यवार खर्चाची मर्यादाही त्यांना लागली नाही. त्यांनी सुमारे ३.७ कोटी डॉलर घातले आणि डेलावेअर व ॲरिझोना जिंकली. इतक्या जुन्या शर्यती पाहायच्या असतील तर संयम हवा. इलेक्ट्रॉनिक अहवाल २००१ पासून सक्तीचे झाले. त्याआधीचं बरंचसं कागदाच्या स्कॅनमध्ये आहे आणि पानं एकेक करून वाचावी लागतात.

आता उशिराचा मुद्दा. निवडणुकीच्या वर्षात मोठ्या समित्यांना दर महिन्याच्या २० तारखेला मागच्या महिन्याचा अहवाल द्यावा लागतो. आदल्या वर्षी तिमाही अहवाल चालतो आणि शेवटच्या तिमाहीचा हिशोब ३१ जानेवारीला येतो. हे वेळापत्रक प्राथमिक फेऱ्यांच्या तारखांशेजारी ठेवून बघा. २०२४ मध्ये आयोवाचे रिपब्लिकन कॉकस (पक्षाच्या स्थानिक सभांतलं मतदान) १५ जानेवारीला झाले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत कुणी किती घातलं हे अधिकृतपणे न कळताच तिथल्या लोकांनी मतं दिली. रामस्वामी त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. २०२० चं उदाहरण तर अधिक बोचरं आहे. ब्लूमबर्ग २४ नोव्हेंबर २०१९ ला उतरले आणि पहिली चार राज्यं सोडून ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेवर, म्हणजे अनेक राज्यं एकाच दिवशी मत देतात त्या मंगळवारवर, त्यांनी सगळा जोर लावला. त्यांचा पहिला अहवाल ३१ जानेवारीला अपेक्षित होता. फेब्रुवारीतल्या खर्चाची मुदत होती २० मार्च. ४ मार्चला ते माघार घेऊन मोकळे झाले होते, पदरात अमेरिकन सामोआमधला एकच विजय. ज्या महिन्यात मतदाराने हा खर्च टीव्हीवर सतत पाहिला, त्या महिन्याचा हिशोब मतदानानंतर आला. यात संकेतस्थळ चालवणाऱ्यांची चूक नाही. मुदती कायद्याने ठरवल्या आहेत. जो उमेदवार महिनोन्महिने देणग्या गोळा करतो त्याची हालचाल तिमाहीगणिक दिसते. जो एका सहीने दहा कोटी वळवू शकतो त्याची दिसत नाही.

मधल्या काळासाठी एक उपाय आहे: टीव्ही केंद्रांनी विकलेल्या राजकीय जाहिरातींच्या नोंदी एफसीसीच्या (प्रसारणाचं नियमन करणाऱ्या आयोगाच्या) सार्वजनिक फाइलमध्ये लवकर येतात. एफईसीच्या शेड्यूल बीमध्ये, म्हणजे खर्चाच्या तपशिलात, जाहिरात संस्थेला दिलेली मोठी रक्कम एका ओळीत सापडते. त्या संस्थेने पुढे कोणत्या केंद्राला किती दिले हे समितीला सांगावं लागत नाही. ब्लूमबर्ग यांच्या मोहिमेचं बरंच डिजिटल काम हॉकफिश या त्यांनीच सुरू केलेल्या कंपनीकडे होतं. अशा ठिकाणी पारदर्शकता कंपनीच्या दारात संपते.

एकूण खर्चाच्या आकड्यालाही गाळणी लावावी. वस्तुरूप मदत, समजा उमेदवाराने स्वतःची जागा वापरायला दिली, तर ती जमेतही दाखवतात आणि खर्चातही. शिवाय मोहिमेच्या खात्यातून पक्षाला पैसे देता येतात, आणि तिथे व्यक्तीला असलेली मर्यादा लागत नाही. ब्लूमबर्ग यांनी माघारीनंतर मार्च २०२० मध्ये १.८ कोटी डॉलर डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीकडे वळवले. ही रक्कमही समितीच्या बाहेर गेलेल्या पैशातच मोडते. तिला प्रचाराचा खर्च समजू नका.

देणगीदारांची संख्या मात्र इथे शोधत बसू नका. वादविवादाच्या मंचावर जागा मिळवण्यासाठी पक्ष देणगीदारांची संख्या मागतात: २०१९ च्या सप्टेंबरात डेमोक्रॅट्सची अट १,३०,००० होती, २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकनांची ४०,०००. डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ केलं ते यासाठीच. पण एकूण २०० डॉलरपर्यंत देणाऱ्यांची नावं समितीच्या अहवालात येत नाहीत. १७(ए) मध्ये त्यांची फक्त बेरीज असते. ॲक्टब्लू (डेमोक्रॅट्ससाठी) किंवा विनरेड (रिपब्लिकनांसाठी) या ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांमार्फत आलेल्या छोट्या देणग्या त्या संस्थांच्या स्वतःच्या अहवालांत सापडतात, पण त्या फायली अवाढव्य असतात. (देणगीदारांची नावं विक्रीसाठी किंवा वर्गणी मागायला वापरणं बेकायदेशीर आहे, हेही लक्षात असू द्या.)

उमेदवार मुळात किती श्रीमंत, हेही या आकड्यांत नाही. ते ‘फॉर्म २७८ई’ या मालमत्तेच्या वेगळ्या विवरणात असतं, तेही टप्प्यांत, आणि सर्वात वरचा टप्पा ‘५ कोटी डॉलरहून अधिक’ एवढाच. सहा कोटींची कंपनी आणि सहाशे कोटींची कंपनी तिथे शेजारी शेजारी सारखीच दिसते. हा फॉर्म उमेदवार झाल्यापासून साधारण ३० दिवसांत भरायचा असतो, मात्र मुदतवाढ आणखी ९० दिवसांपर्यंत मिळू शकते. छोट्या शर्यतीत तेवढ्यात उमेदवार आला आणि गेलासुद्धा.

तांत्रिक बाजू उत्तम. इलेक्ट्रॉनिक अहवाल दाखल झाल्यावर काही मिनिटांत कच्च्या स्वरूपात दिसतो. शोधता येण्याजोगा तपशील काही दिवसांनी येतो, म्हणून २० तारखेच्या रात्री ‘रॉ फायलिंग्ज’ उघडावं. सुधारित अहवाल मूळ अहवालाची जागा घेतो, तेव्हा दोन्ही बेरजेत धरू नयेत. तक्ते सीएसव्हीमध्ये उतरवता येतात आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी मोफत किल्लीवर चालणारा एपीआय आहे.

तक्रारीसाठी मात्र याच आयोगावर विसंबू नये. सहा सदस्यांपैकी चार असल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि सप्टेंबर २०१९ पासून ब्लूमबर्ग व (तसेच स्वतःच्या पैशावर लढलेले) टॉम स्टायर यांची शर्यत संपेपर्यंत गणपूर्ती नव्हती. त्या काळात अहवाल वेळेवर चढत होते, पण कारवाईसाठी मत देता येत नव्हतं.

हिशोब तपासायला पाचपैकी साडेचार गुण. मतदानाआधी हाताशी ठेवायचं साधन म्हणून दोन.