रीड्राफ्ट की कॉन्ट्रॅक्ट लीग? मार्च महिना हवा असेल तर…

ऑगस्ट आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मित्रमंडळात दोन वर्गण्या एकदमच मागितल्या जातात, गणपतीची आणि फॅन्टसी फुटबॉलची (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधले खरे खेळाडू घेऊन कागदावर आपली टीम बनवायची, त्यांच्या मैदानातल्या कामगिरीवर आपल्याला गुण). आणि दर वर्षी कुणीतरी नवा विचारतो, "साधी रीड्राफ्ट घेऊ, की तुमची ती करारांची भानगड?" मी तीन मोसम दोन्ही खेळलो, आता एकच ठेवली आहे. कुठली ते पुढे कळेलच.

रीड्राफ्टमध्ये दर मोसमाला ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणं, पुन्हा पहिल्यापासून. थोडक्यात, लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेलं घर. सप्टेंबरात राहायला जायचं, नाताळानंतर चावी परत. चुकीचा खेळाडू उचलला तरी जानेवारीत पाटी कोरी. स्लीपर, ईएसपीएन, याहू, कुठल्याही अ‍ॅपवर दहा मिनिटांत लीग उभी राहते आणि ड्राफ्टची संध्याकाळ खरोखरच मजेची असते. घरात तान्हं मूल असेल किंवा हा खेळ पाहायला लागून एक-दोनच वर्षं झाली असतील, तर पुढे वाचलं नाहीत तरी चालेल.

कॉन्ट्रॅक्ट लीगमध्ये लिलावातली बोली हाच खेळाडूचा वर्षाचा पगार. मुदत आपण ठरवायची, आमच्याकडे 1 ते 4 वर्षं. सगळे पगार 200 डॉलरच्या कॅपमध्ये, म्हणजे एकूण पगाराच्या मर्यादेत, बसवायचे, आणि कुणाला मध्येच सोडलं तर उरलेल्या पगाराचा अर्धा भाग डेड मनी म्हणून आपल्याच डोक्यावर. खऱ्या एनएफएलमध्ये हे साइनिंग बोनसमुळे होतं. बोनस खेळाडूला आधीच मिळालेला असतो, कॅपवर मात्र तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून दाखवतात. खेळाडूला सोडला की राहिलेले हप्ते अंगावर येतात. डेन्व्हरच्या टीमने मार्च 2024 मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) रसेल विल्सनला सोडलं, तेव्हा दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलरचं डेड मनी त्यांच्या कॅपवर बसलं. तो पिट्सबर्गला किमान पगारावर गेला आणि इकडे हप्ते चालूच.

याची चव मीही घेतली आहे. तिशीकडे झुकलेल्या एका रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) मी मोठ्या तोऱ्यात चार वर्षं दिली. दुसऱ्याच वर्षी त्याचे पाय थकले. तेव्हा बायको म्हणाली, "खोट्या पैशांचं एवढं टेन्शन?" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

तरीही माझं मन रीड्राफ्टवरून उडालं, ते मार्चमुळे. मार्चमध्ये एनएफएलची फ्री एजन्सी सुरू होते, म्हणजे करार संपलेले खेळाडू दुसऱ्या टीमकडे जाऊ शकतात.

न्यूयॉर्क जायंट्सने त्यांचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीला 2023 मध्ये फ्रँचाइज टॅग (करार संपत आलेला खेळाडू आणखी एक वर्ष आपल्याकडेच ठेवायचा टीमचा हक्क) लावून एक वर्ष अडवून धरलं. पुढच्या वर्षी टॅग नाही, नवा करारही नाही. 11 मार्च 2024, सोमवारी, फ्री एजन्सीआधीची वाटाघाटींची खिडकी उघडली त्याच दिवशी बातमी आली की तो फिलाडेल्फियाला चालला: 3 वर्षं, 3 कोटी 77 लाख 50 हजार डॉलर. जायंट्सवाल्या आमच्या ऑफिसात सुतकी शांतता. मला मात्र वाटलं, त्यांच्या ओ-लाइनमागे (धावणाऱ्याला वाट करून देणारी पुढची फळी) हा माणूस सुटणार. एवढं कळायला पंडित असावं लागत नाही, पण कळलं होतं आणि वेळेवर कळलं होतं.

रीड्राफ्टमध्ये त्या कळण्याचं करायचं काय? काही नाही. माझी टीम जानेवारीतच विसर्जित झालेली. ऑगस्टात चिठ्ठी काढली, माझा नववा नंबर आला आणि माझी पाळी येईपर्यंत सेक्वॉन गेला. ज्याने घेतला, त्याला मार्चमध्ये काय झालं याचा पत्ताही नव्हता, त्याने यादीतलं पुढचं नाव दाबलं होतं. सेक्वॉनने त्या मोसमात 2,005 यार्ड धावून काढले. मी दर सोमवारी सकाळी कॉफी घेताना त्या गृहस्थाचं अभिनंदन करत होतो.

कॉन्ट्रॅक्ट लीगमध्ये तोच सेक्वॉन माझ्याकडे होता. आमचा नियम असा, की मुदतवाढ द्यायची ती खरी फ्री एजन्सी सुरू होण्याआधीच्या रविवारपर्यंत. म्हणजे माणूस कुठे जाणार हे माहीत नसताना सही करायची. मी दोन वर्षं वाढवून दिली. यात अक्कल किती आणि नशीब किती, हे मी स्वतःलाही विचारत नाही. पण सोमवारची ती बातमी माझ्या मालाची बातमी होती. टॅग, खिडकी, एनएफएलच्या कॅपची वाढ (2023 मधल्या 22 कोटी 48 लाखांवरून 2024 मध्ये 25 कोटी 54 लाख डॉलर) हे सगळं एकदम घरचं वाटायला लागतं.

कटकटी आहेत, नाही म्हणत नाही. पगार आणि मुदती सांभाळायला आम्ही मायफॅन्टसीलीग नावाचं संकेतस्थळ वापरतो. ते पैसे घेतं आणि दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं आहे. लीग चालवणारा कमिशनर चिवट हवा. आणि भिडू मध्येच कंटाळला, तर त्याची टीम उधारीसकट कुणाच्या तरी गळ्यात मारावी लागते. रीड्राफ्टमध्ये ही अडचण पुढच्या ऑगस्टात आपोआप सुटते. बारापैकी चार-पाच जण फक्त ड्राफ्टच्या पिझ्झासाठी येत असतील, तर माझं ऐकू नका.

मार्चमध्ये ट्रेनमध्ये उभ्याने फोनवर बातम्या ताज्या करणाऱ्यांपैकी असाल, तर आमच्याकडे सध्या अशीच एक बेवारस टीम आहे. डेड मनी 31 डॉलर, क्वार्टरबॅक बरा, रनिंग बॅकच्या नावाने शंख. पहिल्या वर्षाची वर्गणी आम्ही अर्धीच घेऊ.