केबल ऑपरेटरांनो, कॉपीराइटचा दावा ‘बाहेरच्या बाहेर’ मिटत नाही

चिकोडी तालुक्यातल्या एका केबल ऑपरेटरचे ६० हजार रुपये गेले. लोकल चॅनेलवर हक्क न घेता नवे सिनेमे दाखवले म्हणून मनोरंजन कंपन्यांनी मुंबईत दावा लावला होता. दावा खरा होता, खोटा होता तो मिटवायला आलेला माणूस. त्याने दाव्याची झेरॉक्स दाखवली, रोख पैसे घेतले, ‘फुल अँड फायनल’ अशी पावती दिली आणि बजावून गेला, “आता कोर्टाचं टपाल आलं तर घेऊ नका.”

खरा घात या सल्ल्याने केला. समन्स घ्यायला नकार दिला की ते बजावलं गेलं असंच कोर्ट धरतं. कोणी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला. मनाई तर आलीच, वर नुकसानभरपाई. हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो, आणि समन्स नाकारणाऱ्याला ‘मला कळलंच नाही’ म्हणायची सोय उरत नाही.

मुंबईचा कागद म्हणजे बनावट, असंही निपाणी-खानापूरकडच्या ऑपरेटरांनी समजू नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ हक्कधारकाला आपल्या व्यवसायाच्या ठिकाणीही दावा लावू देतं. कोर्टाने दाव्याला दिलेला १६ अंकाक्षरांचा सीएनआर नंबर कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर टाका आणि पक्षकार, वकील, पुढची तारीख बघा. तिथे नाव असलेल्या वकिलाशी तुमच्या वकिलांनी बोलावं. मध्यस्थाकडे कंपनीचं मुखत्यारपत्र नसेल तर बोलणंच थांबवा.

तडजोड लेखी हवी. त्यात दावा क्रमांक, सिनेमांची नावं, कंपन्यांनी मागच्या सगळ्या मागण्या सोडल्याचा उल्लेख हवा. वादी कंपन्या चार असतील तर चौघींच्या सह्या घ्या. एकीने सही केली म्हणून बाकीच्या थांबत नाहीत. हे तडजोडपत्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ खाली कोर्टात नोंदवून आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. पैसे डीडीने किंवा आरटीजीएसने, कंपनीच्याच नावावर.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३चा, म्हणजे कॉपीराइटभंगाचा फौजदारी गुन्हा दाखल असेल तर तो दिवाणी तडजोडीने आपोआप जात नाही. आपल्याकडे तो रद्द करून घ्यायला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात अर्ज करावा लागतो.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, रोख गेले असतील तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. पण आधी दाव्यात वकीलपत्र दाखल करा. तक्रार दिली म्हणून ते ३० दिवस थांबत नाहीत.