कोअर, लॉग की वेल टेस्ट? सिम्युलेशनसाठी खडकाचे आकडे कुठून घ्यावेत

नांदेड-संभाजीनगरकडे भूशास्त्रात एम.एस्सी. करून रिझर्व्हायर सिम्युलेशनचा (जमिनीखालच्या तेलसाठ्याचं संगणकावर मॉडेल करण्याचा) प्रोजेक्ट घेणारे बहुतेक जण कोअरच्या, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्याच्या, आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. खडक हातात असतो, प्रयोगशाळेचा शिक्का असतो. पण एवढ्याने भागत नाही.

कोअरमधून साधारण दीड इंच व्यासाचा प्लग कापतात. बॉइलच्या नियमावर चालणाऱ्या हेलियमच्या यंत्रात सच्छिद्रता (खडकातल्या पोकळीचं प्रमाण) निघते, आणि सच्छिद्रतेच्या अचूकपणात कोअरला तोड नाही. पार्यतेचं, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो याचं, मात्र तसं नाही. वायूने मोजलेली पार्यता खऱ्यापेक्षा जास्त येते, म्हणून क्लिंकेनबर्ग दुरुस्ती (१९४१) लावावी लागते. घट्ट खडकात हा फरक मोठा असतो. शिवाय प्लग नेहमी धड तुकड्यातून निघतो, भेगाळलेला भाग आधीच चुरा झालेला असतो.

भेगांचं महत्त्व मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. एकाच शिवारात एका बोअरला पाणी लागतं आणि शंभर फुटांवरचा बोअर कोरडा जातो. गुजरातेतल्या पादरा क्षेत्रात याच दख्खन बेसाल्टच्या भेगांतून तेल मिळतं. तिथे धड बेसाल्टचा प्लग तपासून पार्यता ठरवली, तर मॉडेलमधलं तेल हलणारच नाही.

लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेली नोंद, सलग मिळतो आणि तुलनेने स्वस्त पडतो, पण त्याचा आकडा गृहीतकावर उभा असतो. लॉगवर खडकाची घनता २.४० (ग्रॅम प्रति घन सें.मी.) आली, छिद्रांतल्या द्रवाची १ धरली, तर वालुकाश्म (२.६५) मानून सच्छिद्रता सुमारे १५ टक्के निघते. चुनखडक (२.७१) मानला की तीच १८ होते. पार्यता नेहमीचे लॉग मोजतच नाहीत. ती कोअरच्या सच्छिद्रता-पार्यता आलेखावरून अंदाजाने काढलेली असते.

पार्यतेसाठी माझा कौल वेल टेस्टला. विहीर बंद करून दाब कसा चढतो ते पाहिलं, की आजूबाजूच्या मोठ्या भागाची सरासरी कळते, भेगांसकट. मात्र उत्तर पार्यता गुणिले जाडी असं येतं. जाडी लॉगमधूनच घ्यायची, आणि कोणता थर किती वाहतो हे टेस्ट सांगत नाही.

पडताळणीची सुरुवात इथूनच करावी. कोअरची पार्यता थरांच्या जाडीने गुणून बेरीज करा आणि टेस्टच्या आकड्याशी ताडून पाहा. टेस्ट कितीतरी पट जास्त आली, तर पहिला संशय भेगांवर घ्या. कमी आली, तर आधी आठवा की कोअरची पार्यता निरपेक्ष (खडकात एकच द्रव किंवा वायू असतानाची) असते आणि टेस्टमध्ये पाण्यासोबत वाहणाऱ्या तेलाची दिसते.

हिस्टरी मॅच (मॉडेलचा आलेख आजवरच्या उत्पादनाशी जुळवणं) जुळली म्हणजे आकडे खरे, असं मुळीच नाही. वेगवेगळ्या पार्यता घालूनही उत्पादनाचा तोच आलेख निघू शकतो. म्हणून शेवटच्या काही वर्षांचा डेटा बाजूला ठेवावा आणि मॉडेलचं भाकीत त्याच्याशी ताडून पाहावं.

कंपनीचा डेटा हाती नसेल, तर इक्विनॉर या तेल कंपनीने २०१८ मध्ये खुला केलेला नॉर्वेच्या व्होल्वे क्षेत्राचा डेटा घ्या. तिथलं उत्पादन २००८ ते २०१६ चं आहे. २०१३ पर्यंत मॅच करून पुढचं भाकीत करता येतं. ओपीएम फ्लो हा सिम्युलेटर फुकट मिळतो, लायसन्ससाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.