बटलेरियन जिहाद : मूळ परिशिष्ट धरावं की नंतरची त्रयी?

'ड्यून' या विज्ञानकादंबरीतल्या प्राचीन यंत्रयुद्धावर, म्हणजे बटलेरियन जिहादवर, कोल्हापुरात वाचकांची बैठक ठेवणार असाल, तर आधार कोणता धरायचा ते आधी ठरवा. कुस्तीची जोड लावताना वजन बघतात, तसं इथं पुराव्याचं वजन बघावं लागतं. नाहीतर एक जण १९६५च्या पुस्तकातून बोलतो, दुसरा २००२च्या, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असून वेळ वाया जातो.

फ्रँक हर्बर्ट यांच्या मूळ कादंबरीत हे युद्ध घडत नाही, फक्त आठवलं जातं. मागच्या शब्दसूचीत त्याची जेमतेम नोंद आहे: संगणक, विचार करणारी यंत्रं आणि जाणीव असलेले यंत्रमानव यांच्याविरुद्धचा लढा, गिल्डपूर्व २०१ ते १०८, म्हणजे ९३ वर्षं (गिल्ड ही अंतराळ वाहतुकीची संस्था; कथेतली सालं तिच्यापासून मोजतात). त्यातून उरलेली आज्ञा एकच: माणसाच्या मनासारखं यंत्र घडवू नकोस. पण वादाला खरं बळ देणारं वाक्य सुरुवातीच्या प्रसंगात आहे. वृद्ध रेव्हरंड मदर (एका भगिनीसंघातली वरिष्ठ स्त्री) कथानायक पॉलला सांगते की मोकळं होण्याच्या आशेनं माणसांनी विचार करणं यंत्रांवर सोपवलं, आणि त्यामुळं यंत्रं बाळगणाऱ्या दुसऱ्या माणसांना त्यांना गुलाम करता आलं. शत्रू यंत्र होतं की यंत्रामागचा माणूस? सगळी बैठक याच प्रश्नावर उभी राहते.

ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन अँडरसन यांची त्रयी (२००२ ते २००४) याचं उत्तर उघड देते. ऑम्नियस नावाची महाबुद्धी ग्रहांमागून ग्रह चालवते; इरॅस्मस हा यंत्रमानव सेरेना बटलरच्या लहानग्याला मारतो आणि बंड पेटतं. इथं शत्रू यंत्रच. मूळ वाक्याशी हे विसंगत आहे म्हणून पुष्कळ जण त्रयी बाजूला सारतात, पण ते घाईचं आहे. त्रयीतही आधी टायटन म्हणवणाऱ्या माणसांनी यंत्रांच्या जोरावर सत्ता बळकावली, आणि त्यांच्यातल्याच एकानं यंत्राला नको तितकी मोकळीक दिल्यावर ऑम्नियस वरचढ झाला. त्रयीची बाजू मांडणाऱ्यानं हा मुद्दा पहिल्यांदा काढावा.

तिची बाजू लंगडी पडते ती कॉरिनच्या लढाईपाशी. मूळ शब्दसूचीत ही लढाई गिल्डपूर्व ८८ची, म्हणजे जिहाद संपल्यावर वीस वर्षांनी. तिनं कोणतं घराणं राज्य करणार ते ठरवलं. यंत्रांचा तिथं उल्लेख नाही. त्रयी साल तेच ठेवते, पण लढाई उरलेल्या यंत्रांशी लावते. तारखा जुळतात, प्रतिपक्ष बदलतो. आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जाणाऱ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल: समकालीन पत्र त्रोटक असतं, उशिराच्या बखरीत मात्र संवादही असतात. रंग भरलेला मजकूर खोटाच असतो असं नव्हे, पण त्याचं वजन पत्राइतकं धरता येत नाही.

विलिस मॅकनेली यांनी संपादित केलेला १९८४चा 'ड्यून'वरचा कोश हा तिसरा आधार. त्यात बंडाचं मूळ जेहान बटलर आणि तिचं न जन्मलेलं मूल. फ्रँक हर्बर्ट यांनी प्रस्तावनेत कौतुक केलं, पण पुढच्या काही बाबतींत आपलं मत राखूनही ठेवलं. पुनर्मुद्रण नसल्यानं प्रत मिळणं अवघड; नसली तरी अडत नाही.

सालांच्या हिशोबात हमखास चूक होते. कथा १०१९१ साली सुरू होते, ते साल गिल्डपासूनचं, जिहादपासूनचं नव्हे. युद्धाच्या सुरुवातीपासून मोजलं तर सुमारे १०,३९२ वर्षं, शेवटापासून सुमारे १०,२९९.

एकच संध्याकाळ असेल तर फक्त मूळ कादंबरी धरा. परिशिष्टं आणि शब्दसूची सगळ्यांना आधी वाचून येता येतात. महिनाभर असेल तर दुसऱ्या बैठकीपासून त्रयी घ्या, पण जाडजूड तीन खंड सगळ्यांवर लादू नका. तीन जणांनी एकेक वाटून घ्यावा. प्रत्येकानं मुद्दा मांडताना कोणत्या पुस्तकातून बोलतोय ते आधी सांगावं. आणि सुरुवातीला शब्दसूचीतल्या जिहाद आणि कॉरिन या दोन नोंदी मोठ्यानं वाचून घ्या. दोन्ही मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत.